कर्ता कोण?

मराठी शिकवणाऱ्याला वाक्यातला कर्ता शोधायची खोडच असते. राजगडाच्या पायथ्याचे गुंजवणे पाहिले, की मात्र मी चक्रावतो. एका गावाला कर्ते किती! दिवाबत्ती ग्रामपंचायतीची, वर वेल्ह्याची पंचायत समिती, तिच्यावर १ मे १९६२ रोजी जन्मलेली जिल्हा परिषद. हे कर्ते आपल्या मतांवर निवडून येतात. पण किल्ला राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे आणि गुंजवणी धरण १९९६ साली स्थापन झालेल्या कृष्णा खोरे विकास महामंडळाकडे! तिथे मतपेटी नाही, फक्त अर्ज. सरपंचाला निवडणुकीत जाब विचारता येतो. महामंडळाला कोठे विचारावा? पाण्याच्या वाक्यात गावकरी कर्ता नसला, तर उरते ते त्याचे कर्म. वाचकहो, अर्ज लिहिण्यापूर्वी कर्ता शोधा. नाहीतर कागद दारोदार हिंडतो आणि पाणी पुढे निघून जाते.