भुकूममधले चार कप

चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याला लागले, की भूगावच्या मानस तलावानंतर थोड्याच अंतरावर भुकूम लागते. याच परिसरातल्या डोंगरउतारांवर उगम पावलेली रामनदी पुढे पुण्याकडे वाहत जाते. एकेकाळच्या भातखाचरांतून आता इमारती आणि मंगल कार्यालये उभी राहिली आहेत. घरी आलेल्या माणसाला चहाविना जाऊ न देण्याची रीत मात्र अजून टिकून आहे.

गेल्या श्रावणात एका जुन्या रुग्णाला भेटण्यासाठी मी तेथे गेलो. त्यांच्या घरी पोहोचेपर्यंतच वाटेवरच्या दोन परिचित घरांत चहा झाला. दुसऱ्या घरी काकू म्हणाल्या, "गुळाचा आहे डॉक्टर, निर्धास्त घ्या." हा समज सार्वत्रिक आहे. गूळ हीदेखील मुख्यतः साखरच. रक्तातली साखर तोही वाढवतो.

आजोबांना मधुमेह आहे. "गोडाला मी शिवत नाही," त्यांनी अभिमानाने सांगितले. आम्ही हिशेब मांडला. दिवसातून पाच वेळा चहा, प्रत्येक कपात दोन चमचे साखर. लहान सपाट चमच्यात साखर सुमारे 5 ग्रॅम मावते. म्हणजे दिवसाला 50 ग्रॅम, तेही बिस्किटे न धरता. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगितलेली मर्यादा अशी : वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांहून कमी असावी, 5 टक्क्यांहून कमी असल्यास अधिक हितकर. रोज 1600 कॅलरी लागणाऱ्या वृद्धासाठी हे प्रमाण अनुक्रमे 40 व 20 ग्रॅम होते. आजोबा बराच वेळ रिकाम्या कपाकडे पाहत राहिले.

मी त्यांना चहा सोडायला सांगितले नाही. दर आठवड्याला प्रत्येक कपातून अर्धा चमचा साखर कमी करावी, कप लहान घ्यावा, स्वादासाठी आले-वेलची घालावी. जिभेला सवय होण्यास काही आठवडे लागतात, पण ती होते.

शेजारच्या घरी मात्र उलट प्रकार घडला होता. सूनबाईंनी काळजीपोटी सासूबाईंची साखर एकदम बंद केली, भाकरीही निम्मी केली. मधुमेहाची गोळी तेवढी पूर्वीसारखीच चालू राहिली. एका पहाटे आजींना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले. सूनबाईंनी प्रसंगावधान राखून त्यांना साखरेचे पाणी पाजले, म्हणून अनर्थ टळला.

वाचकहो, घरातील वृद्ध इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेत असतील, तर आहारातील बदल डॉक्टरांना विचारूनच करावा. अशी लक्षणे दिसल्यास, किंवा तपासणीत साखर 70 च्या खाली आल्यास, तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासावे. रुग्ण बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही न घालता त्वरित रुग्णालय गाठावे.

निघताना आजींनी चौथा कप पुढे केला. "बिनसाखरेचा आहे हो," त्या हसून म्हणाल्या, "पण खिशात खडीसाखरेची पुडी ठेवते मी आता." दोन्ही गोष्टी त्यांनी अचूक साधल्या होत्या. मी तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो.