पेइचिंगमधील आमची शाळा

प्रौढ वयात परकी भाषा शिकावयास बसलेल्या माणसाचे वय पहिल्याच आठवड्यात पाच वर्षांवर येते. भूक लागली आहे, थंडी वाजते आहे, दुकानदाराकडून सुटे पैसे यायचे राहिले आहेत, यांतले काहीही त्याला धडपणे सांगता येत नाही. त्याचे शिक्षण, त्याची विनोदबुद्धी, घरादारात असलेला त्याचा मान, हे सारे त्या भाषेच्या उंबरठ्याबाहेर राहते. सप्टेंबर २०१५ ते जुलै २०१६ हे एक शैक्षणिक वर्ष आम्ही चीनच्या राजधानीत या बालदशेत काढले. परतल्यावर इंदुरातील आप्तेष्टांनी तेथील प्रचंड भिंतीविषयी आणि खाण्यापिण्याविषयी पुष्कळ विचारले. शाळेविषयी फारसे कोणी विचारले नाही. वस्तुतः सांगण्यासारखे जे होते ते शाळेतच होते, आणि त्याचा संबंध आपल्या मराठी घरांशी अधिक आहे, असे आम्हांस आजही वाटते.

शहराच्या वायव्येस हायत्येन नावाचा भाग आहे. पेकिंग विद्यापीठ, छिंगह्वा विद्यापीठ आणि इतर अनेक शिक्षणसंस्था तेथे एकवटल्या असल्यामुळे ती विद्येची पेठच म्हणावी. याच भागातील पेइचिंग भाषा व संस्कृती विद्यापीठ १९६२ साली परदेशी विद्यार्थ्यांना चिनी शिकविण्याकरिता स्थापन झाले. देशोदेशींचे विद्यार्थी तेथे येतात म्हणून चिनी लोक कौतुकाने त्याला ‘लहान संयुक्त राष्ट्रसंघ’ म्हणतात. आमच्या वर्गात कोरिया, कझाकस्तान, थायलंड, इटली, सुदान अशा देशांची मंडळी होती. सर्वांना सामाईक अशी भाषा एकच, ती म्हणजे कोणालाच न येणारी चिनी.

वर्ग सकाळी आठ वाजता सुरू होई आणि पन्नास-पन्नास मिनिटांचे चार तास होऊन दुपारी बाराला संपे. चीनचा विस्तार अफाट असला तरी देशभर घड्याळ एकच चालते आणि ते आपल्या घड्याळाच्या अडीच तास पुढे असते. म्हणजे आम्ही वह्या उघडून बसलेले असू, तेव्हा इंदुरात पहाटेचे साडेपाच झालेले असत. हिवाळ्यात तर खिडकीबाहेरचे उघडे जिंको वृक्ष पाहूनच हुडहुडी भरे. खोल्या तापविण्याची सार्वजनिक व्यवस्था पेइचिंगमध्ये १५ नोव्हेंबरला सुरू होते आणि १५ मार्चला बंद होते. त्याआधीच्या पंधरवड्यात थंडी आली, तर ती अंगावरच्या कपड्यांनीच निभवावी लागते. प्रत्येकाच्या बाकावर गरम पाण्याचा थर्मास असे. गार पाणी पिणारा माणूस तेथे आजारी समजला जातो.

पहिला तास उच्चारांचा. एकाच शब्दाचा सूर बदलला की चिनीत अर्थ बदलतो. ‘मा’ हा उच्चार उंच, सपाट सुरात केला तर आई, चढत्या सुरात ताग, खाली जाऊन वर येणाऱ्या सुरात घोडा आणि उतरत्या सुरात शिव्या देणे. ‘माय’ हा शब्द तिसऱ्या सुरात विकत घेणे आणि चौथ्या सुरात विकणे. एवढ्या एका सुरावर बाजारातला सारा व्यवहार उलटा होतो. शिक्षिकाबाई हवेत हात वर-खाली नेत सूर दाखवीत आणि तीस-पस्तीस वर्षांची माणसे बालवाडीतल्या मुलांसारखी त्यांच्यामागून हात हलवीत.

व्यंजनांच्या वेळी बाई ओठांसमोर कागदाची पट्टी धरीत. ‘प’ म्हणताना पट्टी स्थिर राहिली पाहिजे आणि ‘फ’ म्हणताना हलली पाहिजे. युरोपीय मंडळी येथे घामाघूम होत. ज्याने लहानपणी क-ख, त-थ, प-फ घोकले आहे, त्याला यात अवघड काही नव्हते. रोमन लिपीतील चिनी लेखनाची जी पद्धत १९५८ साली चीनने अधिकृत केली, तिच्यात ‘ब’ आणि ‘ज’ यांसाठी आपण वापरतो ती अक्षरे दिसतात, पण त्यांचे उच्चार ‘प’ आणि ‘च’ यांच्याजवळचे आहेत. म्हणूनच आपली वृत्तपत्रे ज्याला बीजिंग म्हणतात, ते गाव आपल्या गावकऱ्यांच्या तोंडी पेइचिंग असते.

खरी मौज पुढे झाली. चिनीत ‘च’ तीन आहेत. एक जीभ टाळूला चिकटवून म्हणावयाचा, दुसरा जीभ मागे वळवून आणि तिसरा जिभेचे टोक दातांमागे टेकवून. हा तिसरा ‘च’ बाईंनी म्हणून दाखविला आणि आम्ही चमकलो. तो आमच्या आजीच्या ‘चांगला’मधला ‘च’ होता! ‘चूल’, ‘चाक’, ‘चोर’ यांतला तो दंत्य ‘च’. सकाळच्या नमस्काराचा चिनी शब्द ‘चाओ’ याच ‘च’ने सुरू होतो. निरोपाच्या ‘चाय-च्येन’ या शब्दांत तर आपले दोन्ही ‘च’ शेजारी बसले आहेत, पहिला ‘चाक’मधला आणि दुसरा ‘चिंच’मधला. वर्गातील उत्तर भारतीय मित्रांना हा उच्चार साधावयास कित्येक दिवस लागले, कारण हिंदीत तो नाही. आम्हांला तो फुकट मिळाला होता. बाईंनी विचारले, “हा कोठे शिकलात?” घरी, एवढेच उत्तर देण्याइतकी चिनी तेव्हा येत होती.

दुसऱ्या तासाला श्रुतलेखन. चिनीला वर्णमाला नाही. प्रत्येक अक्षर स्वतंत्रपणे पाठ करावे लागते. २०१३ साली चीन सरकारने प्रसिद्ध केलेल्या प्रमाण यादीत ८१०५ अक्षरे असून नित्य वापराची म्हणून त्यांपैकी ३५०० पहिल्या गटात दिली आहेत. वहीच्या प्रत्येक चौकोनात फुलीसारख्या रेघा असतात आणि त्यांच्या आधाराने अक्षर तोलून बसवावयाचे असते. आडवी रेघ आधी, उभी नंतर. डावे आधी, उजवे नंतर. क्रम चुकला तर अक्षर दिसावयास तेच दिसते, पण सराईत डोळ्याला ते लगेच कळते. रोज तीस नवे शब्द, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची परीक्षा. यातून कोणाची सुटका नव्हती, मग तो निवृत्त अभियंता असो की अठरा वर्षांची कोरियन मुलगी.

प्रत्येक विद्यार्थ्याला चिनी नाव मिळते. ते देण्याच्या दिवशी आम्ही भारतीय आहोत हे कळताच बाई म्हणाल्या, “ख तीह्वा!” सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे हे चिनी नाव. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचे जे पथक चीनला गेले, त्यातील पाचही जणांनी आपल्या चिनी नावाच्या शेवटी ‘ह्वा’, म्हणजे चीन, हे अक्षर जोडून घेतले होते. कोटणीस चिनी बोलावयास व वाचावयास शिकले, त्याच भाषेत त्यांनी वैद्यकाचे पाठ दिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच त्यांचा अंत झाला. शिच्याच्वांग शहरात त्यांची समाधी आहे. वसतिगृह नाही, श्रुतलेखन नाही, भोवती युद्ध पेटलेले, अशा स्थितीत त्या माणसाने ही भाषा आत्मसात केली, हे आठवले की तीस शब्दांची कुरकूर करण्याची आम्हांस लाज वाटे.

बारा वाजता सारे विद्यापीठ भोजनगृहाकडे धावे. भात वाढणाऱ्या मावशी विचारीत, “किती ल्यांग?” एक ल्यांग म्हणजे पन्नास ग्रॅम, तेथे भात असा मापून मागतात. शाकाहारी माणसाला बटाट्याचा परतलेला कीस, वांगी आणि टोफू यांवर वर्ष काढता येते, मात्र ‘मांस नको’ म्हटल्यावरही बारीक खिमा पडणार नाही ना, हे पुन्हा विचारून घ्यावे. चिनीत वस्तू मोजताना प्रत्येकीला तिचे मोजशब्द लावावे लागतात: पुस्तकाला एक, कागद-टेबलासारख्या सपाट वस्तूंना दुसरा, नदी-मासा-विजार अशा लांबट वस्तूंना तिसरा. इटालियन मित्र यावर डोके धरून बसे. मेथीची जुडी, केळ्यांची फणी, उसाची मोळी आणि लसणीची गड्डी यांत वाढलेल्या आम्हांला त्यात नवल वाटले नाही. नात्यांचेही तसेच. मामा वेगळा, काका वेगळा, आत्या वेगळी, मावशी वेगळी, आणि वडिलांचा थोरला भाऊ व धाकटा भाऊ यांनाही निराळी नावे. इंग्रजीत एका शब्दात कोंबलेले हे सारे गोत चिनीत आपापल्या जागी सुखाने नांदते आहे.

दुपारच्या वामकुक्षीनंतर, जिला तेथे फार मान आहे, आम्ही वूताओखौच्या एका चहाघरात जात असू. पेकिंग विद्यापीठात हिंदी शिकणारी एक विद्यार्थिनी तेथे येई. तास भर आम्ही तिला हिंदी शिकवावयाची आणि तास भर तिने आम्हांस चिनी, असा करार होता. ती दक्षिणेकडील वनचौ शहराची. तेथील बोली इतकी वेगळी की पेइचिंगच्या माणसाला तिचे अवाक्षर कळत नाही. शाळेत प्रमाण चिनी, दूरदर्शनवर प्रमाण चिनी, मैत्रिणींशी प्रमाण चिनी. आजीला मात्र केवळ बोलीच येते. आम्ही विचारले, मग आजीशी कसे बोलतेस? ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “ती बोलते ते सगळे मला समजते. पण मला उत्तर देता येत नाही. आम्ही दोघी शेजारी बसतो आणि संत्री सोलतो.”

ते वाक्य चिनीत होते आणि त्यातला शब्द न् शब्द आम्हांस कळला. त्या दिवशी आपली चिनी सुधारली याचा आनंद मात्र झाला नाही.

रात्री खोलीवर अक्षरे गिरवावयाची. चिनी लोकांत हल्ली एक वाक्प्रचार फार ऐकू येतो, ‘थी पी वांग च’, म्हणजे लेखणी उचलली आणि अक्षर विसरले. भ्रमणध्वनीवर रोमन अक्षरांनी उच्चार टंकला की हवे ते अक्षर समोर येते, निवडले की काम झाले. त्यामुळे सुशिक्षित चिनी माणसेही हाताने लिहिताना मधेच थबकतात. वाचता येते, लिहिता येत नाही. साडेनऊला, म्हणजे आपल्याकडील दिवेलागणीच्या सुमारास, आम्ही घरी बोलत असू. त्या काळी वीचॅट भारतातही चालत असे. जून २०२० मध्ये त्याच्यावर बंदी आली. पडद्यावर घरातील लहान मुले येत आणि मराठी प्रश्नांना हिंदीत उत्तरे देत. प्रश्न त्यांना पूर्णपणे समजलेला असे.

परत आल्यावर आमचा कान अधिक तिखट झाला होता. मुले ‘चांगला’ म्हणत, पण तो ‘च’ हिंदी ‘चाचा’मधला. ‘घरचा’ आणि ‘घरची’ यांतले दोन ‘च’ त्यांच्या तोंडी एकच झाले होते. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. देवनागरीत या दोन उच्चारांना वेगवेगळी अक्षरे नाहीत. ‘चार’ आकडा आणि गुरांचा ‘चारा’ आपण एकाच ‘च’ने लिहितो. म्हणजे हा उच्चार पुस्तकातून मिळत नाही, तो घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून मुलांच्या कानी जातो. कोकणीच्या किंवा तेलुगूच्या सहवासात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना शेजारातही त्याची साथ आहे. माळव्यात, ग्वाल्हेरीत, बडोद्यात ती साथ नाही. तेथे हा ‘च’ केवळ घराच्या आधारावर उभा आहे.

आणि घर काय करते? पुण्याचे पाहुणे येतात, मूल दोन वाक्ये मराठीत बोलते आणि कोणीतरी हसते. हसणाऱ्याच्या मनात वाईट काहीच नसते. पण मूल त्या क्षणी हिंदीत शिरते आणि पाहुणे जाईपर्यंत बाहेर येत नाही. आमच्या शिक्षिकाबाईंनी एका सुदानी विद्यार्थ्याकडून एकच शब्द एका तासात चाळीसदा म्हणवून घेतलेला आम्ही पाहिला आहे. चाळिसाव्या वेळीही त्या हसल्या नव्हत्या, वैतागल्याही नव्हत्या. त्या पुन्हा तो शब्द म्हणत आणि थांबत. शब्द जमला तेव्हा साऱ्या वर्गाने टाळ्या वाजविल्या.

चिनी भाषेचा एवढा डोंगर परदेशी माणसे एका वर्षात निम्मा चढतात, तो याच रीतीने: रोज थोडे ऐकणे, रोज थोडे हाताने लिहिणे आणि चुकले तर न हसता पुन्हा म्हणून दाखविणे. याला ना मोठी संस्था लागते, ना अनुदान. हल्ली आमच्या घरी रात्रीच्या जेवणाआधी मुलांचे दहा मराठी शब्दांचे श्रुतलेखन असते. ‘चूल’, ‘चाक’, ‘चारा’, ‘चिंच’ हे शब्द त्यात पाळीपाळीने येतात आणि ते सांगण्याचे काम घरातील सर्वांत वृद्ध बाईंकडे दिले आहे. चिनीत अक्षराला ‘च’ म्हणतात, तोच दंत्य ‘च’, हे मुलांना सांगितले तेव्हा त्यांना फार गंमत वाटली. त्यांनी तो आजींकडून तीन-चारदा म्हणवून घेतला आणि मग आपण म्हणून पाहिला. धाकटीला तो जमला आहे. थोरल्याचे प्रयत्न चालू आहेत.