ती दुसरी बातमी मी दिलीच नाही

फेब्रुवारी २०२१. कुणकेश्वरजवळच्या एका वाडीत टेनिस बॉलची नाईट टुर्नामेंट. मैदानाभोवती ही गर्दी, मास्क हनुवटीखाली. मी फोटो काढले, बातमी दिली, ‘क्रीडारसिकांचा उदंड प्रतिसाद’. पंधरा दिवसांत त्याच वाडीत तीन घरांत ताप. त्याची बातमी दिली नाही. आयोजक ओळखीचे, वाडीची बदनामी नको. तो ताप मॅचमुळेच आला असं मी आजही म्हणणार नाही. पण विचारायला हवं होतं, तेच माझं काम.

१९ फेब्रुवारी २०२० ला इटलीत अटलांटा-व्हॅलेन्सिया फुटबॉल सामना झाला. बर्गामोहून सुमारे ४० हजार माणसं मिलानला गेली. महिन्याभरात बर्गामोतून शवपेट्या न्यायला लष्कराचे ट्रक आले. तिथेही सगळा दोष सामन्याचा नव्हता. पण मैदान उघडं असलं तरी भरलेल्या बसेस, आरडाओरडा, मिठ्या, नंतरचं जेवण, हे सगळं बंदिस्त आणि जवळूनच होतं ना!

आपल्याकडे मार्च २०२१ मध्ये गहुंज्याला भारत-इंग्लंड वनडे प्रेक्षकांविना झाल्या. आयपीएलला तर बायोबबल होता, तरी ४ मे २०२१ ला ती थांबवावी लागली. आमच्या मैदानावर पाण्याचा एक पिंप आणि एकच ग्लास!

टुर्नामेंट बंद करा असं नाही म्हणत मी. पोरांनी खेळायलाच हवं. फक्त ताप असलेल्याला घरी बसवा. नंतर कोणी आजारी पडलं तर लपवू नका, आशाताईंना सांगा.

आणि मलाही फोन करा. यावेळी दोन्ही बातम्या देईन.