येवल्याचा धागा

१३ ऑक्टोबरला येवल्यास जाणारे आपले बहुतेक बांधव मनमाडला उतरून एस.टी.ने मुक्तिभूमी गाठतात, वंदन करतात आणि परततात. १९३५ साली याच दिवशी बाबासाहेबांनी येथे धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा पाय तिकडेच वळणार. गेल्या खेपेस मात्र आम्ही वस्तीतील पंधरा-वीस जण, बायकापोरांसह, गावातही शिरलो आणि एका विणकराच्या घरी पैठणीचा माग पाहिला.

विणकर खड्ड्यात पाय सोडून बसलेला. पदर विणताना एकच धोटा या काठापासून त्या काठापर्यंत जात नाही. प्रत्येक रंगाची छोटी तिल्ली वेगळी. मोराच्या मानेचा निळा धागा मानेपुरताच जातो, शेजारच्या रंगात अडकतो आणि मागे फिरतो. म्हणून पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. विणकर तरी एकटा कुठे? रेशीम रंगवणारे हात वेगळे, असारीवर उलगडणारे वेगळे, आणि जुन्या ताण्याला नवा ताणा एकेक धाग्याने सांधणारे वेगळे. साडी नेसणारीला यांतले एकही नाव ठाऊक नसते.

आमच्यातल्या एका वयस्क बाईंनी मागाला हात लावून पाहिला. त्यांचे सासरे मुंबईच्या गिरणीत सूतखात्यात होते. विणकाम खात्यात आपल्या माणसांना घेत नसत. कांडीचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढावा लागे, आणि आपले तोंड लागलेला धोटा इतर कामगारांना चालत नसे! विणकामात पगार जास्त, म्हणून ही बंदी पोटावरच येत होती. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी ती उठविण्याची मागणी लावून धरली. गावगाड्यात दोर वळायचे काम मात्र आपल्या मातंग बांधवांकडेच होते. दोर आपला, रेशीम त्यांचे.

निघताना विणकराने रंगीत रेशमाच्या तुकड्यांची पिशवी पोरांना दिली. त्यातून विहारात बोधिवृक्ष उभा करायचे ठरले. मुंबईत १९४९ साली जन्मलेल्या मृणालिनी मुखर्जी यांनी दोरांना हाताने गाठी मारून माणसाहून उंच शिल्पे उभी केली होती. त्यांची छायाचित्रे एका शिक्षिकेने पोरांना दाखवली. लोखंडी गजाचा सांगाडा वेल्डिंगवाल्याने फुकट करून दिला. आधी रेशीम खोडाला गुंडाळले, ते घसरले. मग मातंगवाड्यातील एका आजोबांनी घायपाताचा दोर वळून दिला, गाठ कशी आवळायची ते शिकवले, आणि खोड धरले. पारंब्यांसारखे लोंबते धागे मुलींनी सोडले. खरे तर पिंपळाला पारंब्या नसतात, पण कोणी काढू दिल्या नाहीत. बायकांनी गोधडीच्या टाक्याने पाने शिवली. त्या वयस्क बाईंच्या पानात रेशीम आहे, गिरणीच्या जुन्या धोतराचा तुकडाही आहे.

काही ज्येष्ठांना हा पोरखेळ वाटला. एवढ्या खटाटोपात प्लास्टरची सुबक मूर्ती आली असती, म्हणाले. आली असती, पण ती बाजारातून आली असती.

झाड थोडे डावीकडे कलले आहे. पाने अजून कमी पडतात, रविवारी दुपारी काम चालते. कोणाला द्यायच्या असतील त्यांनी जुन्या लुगड्यांच्या सुती चिंध्या आणाव्यात. टेरिकॉट नको, गाठ सुटते.