व्हिक्टोरिया सरोवर : जिथे मासाच सगळी कहाणी सांगतो

आफ्रिकेच्या सहलीला निघालेले बहुतेक पर्यटक सेरेंगेटीचे सिंह पाहून माघारी फिरतात. खरे तर या अभयारण्याचे पश्चिमेकडील टोक जवळजवळ व्हिक्टोरिया सरोवराच्या काठाला भिडते. थोडी वाट वाकडी केली, तर वेगळीच आफ्रिका पाहायला मिळते.

सुमारे ६८ हजार ८०० चौरस किलोमीटर पसरलेले हे गोडे पाणी टांझानिया, युगांडा आणि केनिया या तीन देशांनी वाटून घेतले आहे. पलीकडचा तीर दिसत नाही, लाटाही समुद्रासारख्याच. १८५८ साली स्पीक या इंग्रज प्रवाशाने त्याला आपल्या राणीचे नाव दिले. काठावरचे लुओ लोक मात्र त्याला ‘नाम लोल्वे’ म्हणतात.

केनियातील किसुमू हे लुओंचे मोठे शहर. १९०१ मध्ये येथवर पोहोचलेल्या रेल्वेचे रूळ हजारो भारतीय मजुरांनी टाकले होते. शहराजवळच्या डुंगा या कोळीवाड्यात सकाळी होड्या परततात तेव्हा मासळी घ्यायला बायकांची झुंबड उडते. होडीतून फेरफटका मारताना पाणघोडे दिसतात, मत्स्यगरुडाची आरोळी ऐकू येते. मध्येच जलपर्णीचा हिरवा गालिचा वाट अडवतो. दिसायला सुंदर, पण कोळ्यांचा शत्रू!

दुपारच्या जेवणात अख्खा तळलेला तिलापिया मासा आणि मक्याच्या पिठाचा घट्ट उगाली. काटे-चमचे मागू नयेत. उगालीचा गोळा बोटांनी दाबून माशाबरोबर खाण्यातच मजा आहे.

चांदण्या नसलेल्या रात्री काठावर जरूर थांबावे. दूर पाण्यावर दिव्यांच्या रांगा लागतात, जणू एखादे शहरच तरंगते आहे. उजेडाला भुलून येणारी बोटाएवढी चंदेरी मासळी पकडण्यासाठी हे दिवे असतात. केनियात तिला ओमेना म्हणतात, टांझानियात डागा. उन्हात वाळवलेली ही मासळीच गरिबाघरचे कालवण.

कारण मोठा मासा गरिबाच्या वाट्याला येत नाही. नाईल पर्च हा मासा मूळचा येथला नव्हेच. १९५० च्या दशकात तो सरोवरात सोडण्यात आला. दोनशे किलोपर्यंत वाढणाऱ्या या खादाडाने पुढच्या तीस-चाळीस वर्षांत सरोवरातील लहान माशांच्या शेकडो जाती जवळजवळ संपवल्या. पैसाही त्यानेच आणला. काठावर कारखाने निघाले आणि मऊ मांसाचे तुकडे विमानाने युरोपला जाऊ लागले. उरलेले सांगाडे आणि डोकी तळून स्थानिक बाजारात विकली जात. गळ टाकून हा मासा पकडण्यासाठी परदेशी हौशी मंडळीही येतात, पण आता तो पूर्वीइतका मिळत नाही.

वन्यजीवांसाठी टांझानियातील रुबोंडो बेटाला तोड नाही. १९७७ पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे. १९६० च्या दशकात युरोपातील प्राणिसंग्रहालयांतले चिंपांझी येथे मोकळे सोडले गेले. पिंजऱ्याची सवय असलेल्या त्या प्राण्यांची पिल्लावळ आज पूर्णपणे रानटी झाली आहे. माणसाला सहसा दर्शन देत नाही!

युगांडात एंटेबेजवळच्या माबांबा दलदलीत लाकडी जोड्यासारखी चोच असलेला राखाडी शूबिल पक्षी तासन्‌तास पुतळ्यासारखा उभा असतो. तो दिसला की जाळे रिकामे राहते, अशा समजुतीने पूर्वी कोळी त्याला मारत. आज तेच कोळी पर्यटकांना होडीतून त्याच्याजवळ नेतात आणि त्यावर घर चालवतात. पुढे जिंजा येथे नाईल नदी सरोवरातून बाहेर पडते. १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थींचा काही भाग येथे विसर्जित केला होता.

जून ते सप्टेंबर हा कोरडा काळ प्रवासाला बरा. पीतज्वराची लस घेतल्याचा दाखला जवळ ठेवावा, नाहीतर भारतात परतताना विमानतळावरूनच विलगीकरणात जावे लागते. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्याव्यात. आणि मुले कितीही हट्ट धरोत, काठच्या उथळ पाण्यात त्यांना उतरू देऊ नये. तेथील गोगलगायींमुळे बिलहार्झिया हा चिवट रोग होतो.