नामचे ते लुक्ला

नामचे बाजार, सकाळ. एव्हरेस्ट बेस कॅम्प मागे पडला, आज शेवटची चाल. डाउन जॅकेट बॅगेच्या तळाशी गेले, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या उरल्या त्या गाईडदाजूंकडे दिल्या. वर जाताना रोज सहाच्या ठोक्याला ओरडून उठवणारी डोंबिवलीची ताई आज स्वतःच चहाचा दुसरा कप घेऊन खिडकीपाशी बसली आहे. कुणालाच निघायची घाई नाही.

•

नामचेखालच्या उतारावर पाइनच्या झाडांमधून एव्हरेस्ट दिसते, अशी एक जागा आहे. खालून येणाऱ्याला ते पहिले दर्शन, उतरणाऱ्याला शेवटचे. आज सगळे ढगात. नाशिकच्या काकांनी तरी बूट सरळ केले, काठ्या बाजूला ठेवल्या आणि त्या दिशेला हात जोडले. मग आम्हीही जोडले. चढणाऱ्या एका ग्रुपने विचारले, ‘दिसतंय का?’ मराठीतच! पुण्याचे निघाले. त्यांचे चेहरे धापा टाकणारे आणि उत्सुक. मला त्यांचा हेवा वाटला, अगदी खरा.

•

उंच झुलता पूल, खाली दूधकोशी. कठड्याला प्रार्थनेच्या पताका आणि पांढरे खादे, म्हणजे मानाचे शेले, इतके बांधलेले की तार दिसत नाही. समोरून झोप्क्यांची, म्हणजे याक-गाईच्या संकरातल्या ओझ्याच्या जनावरांची, रांग आली की थांबायचे, आणि डोंगराच्या बाजूलाच थांबायचे, हे आता सांगावे लागत नाही. मंत्र कोरलेल्या दगडांची मणी भिंत उजव्या हाताला ठेवून जायचे, हेही पायांनाच ठाऊक झाले आहे. या शहाणपणाचा उपयोग आता काही तासांपुरताच.

•

जोरसाले, मोंजो. सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाची हद्द संपली. १९७६ मध्ये उद्यान झाले, १९७९ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले. बाहेर पडलो तशी शेते आली: कोबी, बटाटे, अंगणात खेळणारी मुले. इतके दिवस दगड आणि बर्फ पाहिलेल्या डोळ्यांना कोबीचा हिरवा रंग सोसवेना.

•

वर जाताना नजर शिखरांवर होती. आज शिखरे पाठीमागे आहेत, म्हणून माणसे दिसताहेत.

आमच्या दोन बॅगा वाहणारा मुलगा खोटांगचा राई आहे. पोर्टर म्हणजे शेर्पा, असे आपल्याकडे सरसकट समजतात. या वाटेवर ओझी वाहणाऱ्यांत राई, तामाङ, मगर पुष्कळ, आणि बरेचसे खालच्या जिल्ह्यांतून हंगामापुरते आलेले. आज पहिल्यांदा त्याच्या मागे मागे चाललो. दोन्ही बॅगा दोरीने एकत्र आवळलेल्या, वर त्याची स्वतःची छोटी पिशवी. सगळा भार कपाळावरच्या नाम्लोवर, म्हणजे रुंद पट्ट्यावर. विसाव्याला त्याने पट्टा काढला तेव्हा केसांच्या रेषेखाली त्वचा दबून चकचकीत झालेली दिसली. वय विचारले तर हसला. कॉलेजची परीक्षा हंगाम संपल्यावर आहे म्हणाला.

ट्रेकच्या पोर्टरसाठी साधारण ३० किलोची मर्यादा मानतात. दुकानांचा माल नेणाऱ्यांना तीही नाही. नामचेच्या बाजाराकडे जाणाऱ्या मालवाहू पोर्टरांचा अभ्यास २००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला होता: पुरुष सरासरी स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के ओझे नेत होते. आज प्लायवूडचे तक्ते पाठीवर घेऊन चढणारा एक माणूस भेटला. तक्ते वाटेपेक्षा रुंद, म्हणून तो तिरपा चालत होता. आम्ही कड्याला चिकटून वाट दिली.

•

फाकदिङला डालभात. ‘भात थपूँ?’ म्हणत दिदी पुन्हा पुन्हा वाढत होती. नको म्हणायचे कुणी? ग्रुपमधल्या दोघांचे आठवडाभर बोलणे बंद होते, ते आज एकाच वाटीतले लोणचे खात होते.

•

शेवटचा दिवस उताराचा, असे मनात धरून चालणाऱ्याला लुक्ला दमवते. फाकदिङ २,६१० मीटर, लुक्ला २,८०० च्या वर. थकलेल्या गुडघ्यांनी शेवटी पुन्हा चढायचे. मला ते आवडले. घसरत घसरत संपण्यापेक्षा चढून संपावे.

गावाच्या तोंडाशी पासाङ ल्हामू शेर्पा यांच्या नावाची कमान आहे. एव्हरेस्ट शिखरावर पोचलेल्या त्या पहिल्या नेपाळी महिला, एप्रिल १९९३. उतरताना त्यांचा मृत्यू झाला. आधीचे प्रयत्न फसले होते, घरी मुले होती, तरी त्या गेल्या. ताई कमानीखाली बराच वेळ उभी राहिली. फोटो मात्र तिने काढू दिला नाही.

•

संध्याकाळ, लॉजचे जेवणघर. पोर्टरांना द्यायची पैशांची पाकिटे. एकाचे म्हणणे, ‘पगार कंपनी देतेच की.’ दुसऱ्याचे, गाईडकडे एकत्र देऊ, तो वाटेल. ताईने दोन्ही खोडून काढले: रक्कम सगळ्या पोर्टरांना सारखी, नेपाळी नोटांत, आणि ज्याची त्याच्या हातात. तिचेच बरोबर होते. आपण नाव घेऊन हाक मारलेल्या माणसाला पैसे तिसऱ्याच्या हातून देऊ नयेत.

मग मादल, म्हणजे नेपाळी ढोलके, आले आणि नाच. काकांनीही फेर धरला, दुखऱ्या गुडघ्यासकट.

•

उद्या सकाळचे विमान, ढग उघडले तर. धावपट्टी जेमतेम ५२७ मीटर, तीही उतरती. एडमंड हिलरींच्या पुढाकाराने १९६४ मध्ये झाली. विमान माणशी १५ किलोच घेते, म्हणून बॅगा काट्यावर टाकल्या. माझी जास्त भरली. हे वरचे किलो इतके दिवस त्या मुलाच्या कपाळावर होते. थर्मास, जाड पुस्तक आणि दुसरे जॅकेट बाहेर काढले. जॅकेट त्याला आवडले, पुस्तक लॉजच्या फळीवर गेले.

पुढच्या वर्षी अन्नपूर्णा, असे सगळ्यांनी एकमेकांना बजावले आहे. सगळे पुन्हा जमणार नाहीत, हे प्रत्येकाला कळते. तरी तारखा निघाल्या, कुणाच्या मुलीचे लग्न कधी तेही विचारून झाले. बॅगा वाहणारा मुलगा निरोप घ्यायला आला, पाकीट न उघडताच आतल्या खिशात ठेवले, आणि उद्या विमानाने उतरणाऱ्या ग्रुपमध्ये माणसे किती आहेत ते विचारायला गाईडदाजूंकडे गेला.