पस्तीस मोठे की चार?

मुलुंड (पूर्व)

चि. सोनूस,


तुझ्या बंड्याच्या गणिताच्या पेपरचा फोटो पाहिला. फोनवर तू अगदी रडवेली झाली होतीस, म्हणून पत्रच लिहिते. फोनवर बोलत बसले असते तर तुझी बोरिवली फास्ट चुकली असती.

खरं सांगू? मला त्याची चूक आवडली. ०.४ आणि ०.३५ यांत मोठा कोण, तर म्हणे ०.३५. हा निष्काळजीपणा नव्हे, त्यामागे तर्क आहे. तो 'पॉइंट थर्टीफाइव्ह' असं वाचतो. मग टिंबाच्या पलीकडे त्याला सरळसरळ पस्तीस दिसतात, आणि पस्तीस चारापेक्षा मोठेच की! नोकरीच्या सुरुवातीला माझ्या वर्गातही हेच उत्तर यायचं. मी एक युक्ती द्यायचे : चाराच्या पुढे शून्य लावा, चाळीस आणि पस्तीस, झालं. मार्क मिळायचे. पुढे तीच मुलं २.५ गुणिले १० बरोबर २.५० लिहायची. शून्य लावायचं, एवढंच त्यांच्या कानात शिरलेलं. किती वर्षं मी ही युक्ती शिकवली ते विचारू नकोस.

तू म्हणालीस, पैशांवरून समजावते. नको. साडेसात रुपये ७.५० असे लिहून आपण 'सात रुपये पन्नास पैसे' वाचतो, म्हणजे पुन्हा दोन वेगळे आकडे शेजारी बसवलेले. बंड्याचा नेमका तोच समज पक्का होईल. शिवाय पैसे त्यानं पाहिलेत कुठे? चार आण्यांचं नाणं ३० जून २०११ पासून चलनातून गेलं, तेव्हा तो जन्मलाही नव्हता.

पैशांवरून तुझी आजी आठवली. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, चौसष्ट पैशांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. चार आण्यांचे बरोब्बर पंचवीस. पण एका आण्याचे सव्वासहा! पाव पैशाचं नाणं कुठून आणणार? म्हणून सहाच धरायचे. म्हणजे एकेक आणा करून चारदा मोडला की हातात चोवीस. तो एक नवा पैसा कुणी खाल्ला, हे तिला शेवटपर्यंत डाचत होतं.

क्रिकेटपासूनही सावध राहा. ४.३ नंतर ४.४, ४.५ आणि मग एकदम ५ हे त्याला झोपेतही पाठ असेल. पण ते टिंब दशांश चिन्ह नव्हे, षटकं आणि चेंडू यांच्यामधली ती नुसती भिंत. ४.३ षटकं म्हणजे सत्तावीस चेंडू, म्हणजे साडेचार षटकं, म्हणजे गणितात ४.५. तेवढ्यात छत्तीस धावा झाल्या असतील तर धावगती बरोबर आठ. त्याला आधी ४.३ ने भागू दे, आठच्या वर काहीतरी येईल. मग चेंडू मोजायला सांग. भांडेल, पण विसरणार नाही.

त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घे, तेही मराठीत : 'शून्य पूर्णांक चार दशांश', 'शून्य पूर्णांक पस्तीस शतांश'. शाळा इंग्रजी असली म्हणून काय झालं, दशांशाचे पुन्हा दहा तुकडे केले की शतांश, हे त्या शब्दातच ऐकू येतं. युरोपात १५८५ साली सायमन स्टेव्हिननं दशांशांवर पुस्तक छापलं, त्यात टिंब नव्हतंच. प्रत्येक अंकाला तो गोलात नंबर द्यायचा : पूर्णांकाला शून्य, दशांशाला एक, शतांशाला दोन. लिहायला वेळखाऊ, पण कोण कुठल्या घरात राहतो ते स्वच्छ दिसतं. बंड्याच्या वहीत महिनाभर असे गोल चालतील.

गुणाकारासाठी रिक्षा पुरे. १ फेब्रुवारी २०२५ ला किमान भाडं २६ रुपये झालं, पहिल्या दीड किलोमीटरचं. किलोमीटरचा दर १७.१४. सतराची दिडकी साडेपंचवीस हे तुझ्या आजोबांच्या तर तोंडावरच होतं. वर चौदा पैशांचे दीडपट एकवीस. झाले २५.७१, म्हणून २६. बंड्या १७१४ गुणिले १५ करील, २५७१० आणील आणि टिंब कुठे द्यायचं म्हणून पेन चावत बसेल. अंक मोजायचा नियम सांगू नकोस. स्टेशनवरून घरी यायला रिक्षावाल्याला २५७ रुपये देशील का, एवढंच विचार.

रविवारी त्याला घेऊन ये, आणि येताना शिंप्याची टेप आण. माझी सापडत नाही. स्वयंपाकघराच्या चौकटीवर तुझ्या उंचीच्या खुणा अजून आहेत, रंग काढताना तेवढी पट्टी मी सोडायला लावली. तुझी पाचवीतली खूण १.४ मीटरवर आहे. तो १.३५ च्या आसपास भरेल. आई आपल्याहून उंच होती, हे कबूल करतो का बघू.

तुझी,
मावशी